खुर्च्या किती होत्या, ते मंडपवाल्याला विचारा

प्रति,
मराठवाड्यातील सर्व पक्षांचे सन्माननीय खासदार, आमदार, आजी-माजी मंत्री, जिल्हा परिषद सदस्य, नगराध्यक्ष आणि नगरसेवक

विषय : कोरोनाच्या टाळेबंदीतील दंडाची पावती दाखविण्याबाबत.

महोदय, महोदया,

रामराम. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचा मंडपवाला. आमचं मंडप-बिछायतीचं दुकान वडिलांनी चार सतरंज्या, दोन कनाती आणि उसन्या बैलगाडीवर सुरू केलं. आज दोन हजार खुर्च्या आहेत, पाइपाचा मंडप आहे, नवरा-नवरीचा लाल कोच आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या सभा, सत्कार, वाढदिवस आणि घरच्या कार्यांना माझ्या दुकानाच्या खुर्च्या लागल्या आहेत. तुम्ही मला नावानं ओळखणार नाही, पण खुर्चीच्या पाठीवर पिवळ्या रंगात दोन अक्षरं असतात, तो मी.

आमच्या धंद्यात एक गोष्ट होते. गर्दीचा खरा आकडा मंडपवाल्यापाशी राहतो. पेपरात ‘पंधरा हजारांचा जनसागर’ छापून येतो आणि माझ्या वहीत आठशे खुर्च्या, त्यातल्या शंभर रिकाम्या, असं लिहिलेलं असतं. त्यात मला कधी वावगं वाटलं नाही. पुढाऱ्यानं माणसं वाढवून सांगायचीच असतात. इतक्या वर्षांत कमी करून सांगितल्याचं मी एकदाच पाहिलं, मार्च २०२१ मध्ये.

आमच्या भागातल्या एका नेत्याच्या घरचं लग्न होतं. नाव लिहीत नाही, पक्षही सांगत नाही, कारण हे पत्र एकट्यासाठी नाही. वाचताना ज्याला आपलीच गोष्ट वाटेल, त्यानं ती आपली समजावी. त्या दिवसांत शुक्राचा अस्त होता, म्हणजे पंचांगात लग्नाचे मुहूर्त नव्हते, तरी भटजींनी काढीव मुहूर्त दिला होता. १५ मार्चला राज्य सरकारचा आदेश निघाला होता : लग्नाला ५०, अंत्यविधीला २०. लग्न त्यानंतरच्या दिवसांतलं. साहेबांच्या माणसाचा फोन आला, ‘बाराशे खुर्च्या पाठव. बिल पन्नासचं कर, बाकी वेगळं बघू.’

मी पाठवल्या. ही माझी कबुली आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं लिहायला तोंड राहील. वर्षभर धंदा बंद होता. २०२० चा उन्हाळा आख्खा गेला, गोदामात गाद्यांना उंदरांनी भोकं पाडली, मजुरांना मी अर्धा पगार देत होतो आणि तोही तीन महिने. त्यात बाराशे खुर्च्यांची ऑर्डर. नाही म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती.

खुर्च्या लावताना तोच माणूस आला आणि म्हणाला, पुढच्या दोन ओळींत एक सोडून एक लाव. मी म्हटलं, मागच्यांचं? तो हसला. ‘फोटोत दोनच ओळी येतेत, भाऊ.’ दुसऱ्या दिवशी फोटो आला तेव्हा कळलं, माणूस कामाचा होता. फोटोत अंतर होतं, सॅनिटायझरची बाटली होती, पन्नासेक माणसं होती. त्यामागे माझ्या अकराशे खुर्च्या खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. माईकवाला दोन घोषणा आलटून पालटून करत होता : ‘मास्क वापरा, अंतर ठेवा’ आणि ‘माननीय अमुक साहेबांचं आगमन होत आहे, जोरदार टाळ्या’. अमुक साहेब आले की मास्क हनुवटीवर यायचा, कारण फेटा बांधताना दोरी कानाला अडते आणि फोटोत चेहराही दिसायला हवा. बंदोबस्ताला माणसं होती. ती वाहनं लावून घेत होती.

वडील तिथं होते. पंचाहत्तरीत होते, पण मोठ्या कामावर ते येऊन बसायचेच. त्यांना खुर्च्यांच्या थप्प्या मोजल्याशिवाय चैन पडत नसे. वर्षभर त्यांनी नाकावरचा रुमाल खाली घेतला नव्हता. नातवंडं जवळ आली तरी हातानं लांब करायचे. त्या दिवशी त्यांनी व्यासपीठाकडं बराच वेळ पाहिलं आणि रुमाल सोडून खिशात घातला. मी ओरडलो, तर म्हणाले, ‘त्यायनी काढला म्हंजी गेला बघ कोरोना. त्यायला वरून फोन असतेत. आपल्याला कुठं?’

हे वाक्य पोचवायलाच मी तुम्हाला पत्र लिहायला बसलो.

तुम्हाला वाटतं, नियम मोडला म्हणजे थोडी सवलत घेतली. गावाला तसं वाटत नाही. तुमच्या चेहऱ्यावरून बातमी वाचायची गावाला सवय आहे. पाऊस लांबला तर दुष्काळ जाहीर होणार का, कारखाना उसाला काय भाव देणार, विमा मिळणार का, हे लोक पेपरात शोधत नाहीत, तुमच्या तोंडाकडं बघून ओळखतात. मुख्यमंत्री टीव्हीवर ‘मी जबाबदार’ म्हणून हात जोडत होते, आणि गावात तुम्ही मास्क न लावता पंगतीत फिरत होता. माणसानं विश्वास कुणावर ठेवायचा? मुंबईच्या आवाजावर, की समोर जिलेबी वाढणाऱ्या हातावर?

बरं, ही एकट्या आमच्या गावची गोष्ट नव्हती. २१ फेब्रुवारी २०२१ ला मुख्यमंत्र्यांनी राज्याशी बोलताना राजकीय, धार्मिक, सामाजिक गर्दीवर बंदी सांगितली. त्याच दिवशी पुण्यात तेव्हा माजी खासदार असलेल्या धनंजय महाडिकांच्या मुलाचं लग्न झालं, सगळ्या पक्षांचे मोठे नेते आले, गुन्हा नोंदला गेला. दोनच दिवसांनी, २३ तारखेला, त्याच सरकारमधले मंत्री संजय राठोड पोहरादेवीला गेले आणि तिथं हजारोंची झुंबड उडाली. मार्च संपता संपता औरंगाबादची टाळेबंदी ऐनवेळी मागं घेतली गेली, तेव्हा तिथले त्या वेळचे खासदार इम्तियाज जलील यांना कार्यकर्त्यांनी खांद्यावर घेऊन जल्लोष केला. तिथंही गुन्हा नोंदला गेला. सत्तेतले, विरोधातले, तिसरे, कुणी मागं राहिलं नाही. एरवी एका मंडपाखाली न बसणारे सगळे पक्ष एवढ्या एका बाबतीत एका मंडपाखाली होते.

आमच्या घरचं आता थोडक्यात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वडिलांना ताप आला. तिसऱ्या आठवड्यात ते गेले. त्या लग्नातूनच रोग आला असं मी म्हणणार नाही. मधले दिवस मोजले तर ते बसत नाही. ते बाजारात गेले होते, दवाखान्यात गेले होते, आमच्या दुकानातही दिवसभर माणसं येत होती. कुठून आला, देव जाणे. पण रुमाल त्यांनी कुठं सोडला, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि त्यानंतर तो पुन्हा नाकावर नीट बसलाच नाही.

तो एप्रिल तुम्हाला आठवत असेल. अंबाजोगाईत एका सरणावर आठ जणांना अग्नी दिला गेला. त्याच महिन्याच्या अखेरीस तिथंच एका रुग्णवाहिकेत बावीस मृतदेह कोंबलेले देशानं टीव्हीवर पाहिले. त्यामानानं आमच्या वडिलांचं नीट झालं म्हणायचं. त्यांना स्वतंत्र सरण मिळालं. अंत्यविधीला वीस माणसं चालतील असं आदेशात होतं, पण कोविडच्या मयताला वीस कुठले? आम्ही तिघं, प्लास्टिकच्या कपड्यांत, लांब उभे. नगरपालिकेच्या माणसांनी सगळं केलं, त्यांचे उपकार आहेत. ज्यानं चाळीस वर्षं गावाच्या प्रत्येक तेराव्याला सतरंज्या अंथरल्या, कितीतरी ठिकाणी पैसे न घेता अंथरल्या, त्याच्या तेराव्याला आम्ही घरातली एक चटई टाकली. माणसं दारातून हात जोडून परत गेली. नियम होता. आम्ही पाळला. त्याबद्दल आजही माझी तक्रार नाही.

मे महिन्यात पुन्हा कामाला लागलो, कारण पोट होतं. तेव्हा लग्नाचा नियम आणखी कडक झाला होता : २५ माणसं, दोन तास, आणि मोडला तर ५०,००० रुपये दंड. एका शेतकऱ्याच्या दारात मुलीचं लग्न होतं. काम म्हणजे एक कनात, दोन पडदे, पंचवीस खुर्च्या. त्या माणसानं वहीच्या पानावर पंचवीस नावं लिहिली होती आणि खोडून खोडून पान फाटलं होतं. भटजी धरायचे की नाही? फोटोवाला? मी आणि माझा पोरगा? मामाला नाही म्हणता येत नाही, आत्या रुसलेली. शेवटी नवरीची आजी स्वतःच म्हणाली, माझं नाव काढा. ती शेजारच्या माळवदावर जाऊन बसली आणि मंगलाष्टकं सुरू झाली तशी तिथून अक्षता टाकू लागली. वाऱ्यानं अर्ध्या अक्षता रस्त्यावर उडत होत्या. कोंबड्या टिपत होत्या.

त्याच लग्नात मला दंड झाला. पडदा बांधत होतो. सुतळीचा एक पदर दातात धरल्याशिवाय गाठ घट्ट बसत नाही, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. दातात सुतळी, म्हणून मास्क गळ्यात. पथकाची गाडी तेवढ्यातच आली. मी सुतळी दाखवली. साहेब म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. ५०० रुपये. मी दिले. पावतीवर माझं आडनाव चुकलं आहे, तारीख बरोबर आहे. कार्बनची प्रत आहे, आता फिकट झाली आहे, म्हणून दुकानात टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे.

‘नियम सगळ्यांना सारखा’ हे वाक्य मला तेव्हा लागलं नव्हतं. नंतर लागलं. पावती फाडणारा माणूस ओळखीचा वाटत होता. दोन दिवसांनी लक्षात आलं, मार्चच्या त्या लग्नात तो गाड्या लावून घेत होता. त्या बिचाऱ्याचाही इलाज नव्हता. बाराशे खुर्च्यांसमोर पावती पुस्तक उघडलं असतं तर त्याची बदली कुठं झाली असती, ते तुम्ही मला सांगायला नको.

एप्रिल २०२१ मध्येच, वडील वॉर्डात होते तेव्हा, मोबाइलवर नॉर्वे नावाच्या देशाची बातमी वाचली होती. तिथल्या पंतप्रधान बाई, एर्ना सोल्बर्ग. साठाव्या वाढदिवसाला घरची माणसं जमवली. मर्यादा दहाची होती, जमली त्याहून तीन-चार जास्त. पोलिसांनी पंतप्रधानांना २०,००० क्रोनर दंड लावला. त्यांनी माफी मागितली आणि दंड मान्य केला. पोलीस प्रमुखांच्या बोलण्याचा भाव असा होता की एरवी अशा प्रकाराला प्रत्येक वेळी दंड झाला नसता, पण नियम सांगणाऱ्यांत बाईच पुढं होत्या, म्हणून लोकांचा नियमांवरचा विश्वास टिकावा यासाठी तो लावणं बरोबर. मी ती बातमी दोनदा वाचली. दहाच्या जागी तेरा! आमच्याकडं तेवढी तर बिनबोलावता येतात.

इंग्लंडात पुढं याहून मोठा गोंधळ झाला. राणीचा नवरा गेला, चर्चमध्ये राणी एकटी बसली, आणि आदल्या रात्री पंतप्रधानांच्या कचेरीत कर्मचाऱ्यांच्या पार्ट्या झाल्या होत्या. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना त्याआधीच्या, २०२० मधल्या वाढदिवसाच्या जमावाबद्दल ५० पौंडांचा दंड झाला. रक्कम किरकोळच. पुढं संसदेची दिशाभूल केल्याच्या चौकशीत त्यांना खासदारकीही सोडावी लागली. तिथली माणसं आपल्यापेक्षा चांगली आहेत असं मी म्हणत नाही. लपवायचा प्रयत्न त्यांनीही केला. फरक एवढाच, की तिथं शेवटी पावती फाटली.

आपल्याकडं काय फाटलं? एप्रिल २०२० मध्ये, गावाच्या वेशीवर आपण बाभळीचे काटे लावून बसलो होतो तेव्हा, वाधवान या उद्योगपती कुटुंबातली तेवीस माणसं गाड्यांच्या ताफ्यातून खंडाळ्याहून महाबळेश्वरला पोचली. खिशात गृह खात्याच्या बड्या अधिकाऱ्याचं पत्र. अधिकाऱ्याला सक्तीच्या रजेवर पाठवलं, ते परत आले, आणि सप्टेंबरात पुण्याचे पोलीस आयुक्त झाले. त्या एप्रिलच्या पुढच्याच महिन्यात, ८ मे २०२० ला पहाटे, करमाडजवळ सटाण्याच्या शिवारात सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारी मध्य प्रदेशातली ती माणसं भुसावळला गाडी मिळेल म्हणून रुळावरून चालत निघाली होती. थकून रुळावरच झोपली. भाकरी रुळांवर विखुरल्या होत्या, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. त्यांच्याकडं कुणाचं पत्र नव्हतं. आमच्या भागातले ऊसतोड कामगार कारखान्यांवर अडकून पडले होते, त्यांच्याकडंही नव्हतं. त्यांना घरी यायला एप्रिलचा तिसरा आठवडा उजाडावा लागला.

२०२२ च्या गुढीपाडव्याला निर्बंध उठले. त्या सुमारास सरकारनं कलम १८८ खालचे, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याचे, टाळेबंदीतले खटले मागं घ्यायचं ठरवलं. चांगलं केलं. कुणाच्या पोराची नोकरी अडली असेल, कुणाचा पासपोर्ट. पण मला एक सांगा, ज्यांच्यावर गुन्हाच नोंदला नाही, त्यांचं काय मागं घेतलं? आणि ज्यांनी जागेवर पैसे भरले, त्यांचं काय परत आलं? माझे ५०० मला परत नकोत. ते मी माझ्या चुकीचे भरले.

दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून मी माहितीच्या अधिकारात एका कार्यालयाला विचारलं : मास्क आणि गर्दीच्या दंडात किती लोकप्रतिनिधींनी पैसे भरले? उत्तर आलं, ‘सदर माहिती वर्गवारीनुसार ठेवण्यात येत नाही.’ अपील करा असा सल्ला मित्रानं दिला. लग्नसराई होती, राहून गेलं. तेवढा आळस माझा.

तुमच्या बाजूनंही लिहिलं पाहिजे. तुमच्यापैकी काहींनी रात्री-अपरात्री फोन उचलले, खाट मिळवून दिली, ऑक्सिजनची गाडी कुठं अडली ते शोधलं, महिनोन्‌महिने अन्नछत्रं चालवली. त्यातल्या एका अन्नछत्राला मंडप माझाच होता. रोगानं तुमच्यातलेही नेले. देगलूरचे आमदार रावसाहेब अंतापूरकर २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले, हिंगोलीचे राजीव सातव मे महिन्यात. त्यांच्या घरच्यांनीही तेच भोगलं जे आम्ही भोगलं. म्हणून मी ‘पुढारी सगळे सारखेच’ असं म्हणत नाही. चहाच्या टपरीवर ते म्हणणं सोपं आहे. ज्यांनी नियम पाळला, घरचं कार्य वीस-पंचवीस माणसांत उरकलं, तेही तुमच्यात आहेत. मला ते माहीत आहेत, कारण त्यांनी माझ्याकडून पंचवीसच खुर्च्या नेल्या आणि पैसे त्याच दिवशी दिले.

बाकीच्यांकडं मागणं एकच आहे. ‘झालं गेलं विसरा’ म्हणू नका, आणि ‘कार्यकर्त्यांच्या प्रेमापोटी गर्दी झाली’ हेही नको. कार्यकर्त्यांचं प्रेम माझ्याकडं खुर्च्या बुक करायला येत नाही, तुमचा माणूस येतो. दंड भरला असेल तर पावती दाखवा. मी दुकानाबाहेर मोठ्या अक्षरांत फलक लावीन, की अमुक साहेबांनी दंड भरला होता, मी त्यांच्याबद्दल चुकीचं बोललो. भरला नसेल, तर जी रक्कम तेव्हा शेतकऱ्याच्या डोक्यावर टांगली होती, ५०,००० रुपये, ती तुमच्या गावच्या आरोग्य केंद्रात जमा करा, रीतसर पावती घ्या आणि पुढच्या सभेत माईकवरून वाचून दाखवा. कशाचे पैसे, तेही सांगा. अंथरायला जे लागेल ते मी फुकट देईन.

आजार पुन्हा कधी, कुठल्या नावानं येईल, मला कळत नाही. पण आला आणि तुम्ही पुन्हा माईकवरून ‘घरात थांबा’ म्हणालात, तर आमच्या गल्लीतली माणसं आधी बाहेर येऊन बघतील, की तुमच्या वाड्यावर मंडप पडलाय का. आणि ते विचारायला माझ्याच दुकानात येतील. तेव्हा मी काय सांगायचं, ते आत्ताच ठरवून कळवा.

कळावे,
आपला,
एक मंडपवाला

ता. क. मार्च २०२१ च्या त्या लग्नातल्या बाराशेपैकी चौदा खुर्च्या अजून परत आल्या नाहीत. ‘बाकी वेगळं बघू’ म्हटलेलं बिलही तसंच आहे. बिल राहू द्या, खुर्च्या पाठवून द्या. पाठीवर पिवळी अक्षरं आहेत, सापडतील.